रविवारचे खिळे

(टोंगातलं एक गाव. रविवार, सकाळची उपासना नुकतीच सुटलेली. सेमिसी स्वतःच्या अंगणात, शेजारीण लाविनिया त्याच्या छपरावर, त्याची आई लुपे आत खाटेवर.)

सेमिसी : काकू, ही शिडी चर्चची आहे!

लाविनिया : म्हणूनच डगमगत नाही.

सेमिसी : आणि छप्पर माझं आहे!

लाविनिया : ते मात्र डगमगतंय.

हातोडा : ठक्.

सेमिसी : उतरा आधी! रविवारी हातोडा? रविवारी काम म्हणजे पाप! मी चर्चचा कारभारी. मागच्या महिन्यात एका पोरानं रविवारी जाळं टाकलं म्हणून त्याच्या बापाला मी सगळ्यांसमोर उभं केलं होतं.

लाविनिया : पोराला निदान मासे तरी मिळाले.

लुपे : सेमिसी, आलास का रे? अंगणातल्या खड्ड्याची भट्टी उघड. भूक लागलीय.

सेमिसी : आई, ह्या वर चढल्यात हे तुला ठाऊक होतं?

लुपे : कुठला पत्रा वाजतो ते मीच सांगितलं. इथे पडून मला दुसरं दिसतंच काय?

सेमिसी : मग काल का नाही चढलात काकू? काल शनिवार होता!

लाविनिया : काल वादळ फिजीकडे निघालं होतं. आज सकाळी रेडिओवर सांगितलं, इकडे वळलंय. दिवेलागणीला पोहोचेल. तू तेव्हा प्रवचन देत होतास.

सेमिसी : देव राखील.

लाविनिया : मागच्या वादळात राखलंच की. तुझा पत्रा उडून माझ्या स्वयंपाकघरातून आरपार गेला. देवानं माझ्या हातून रताळं पाडलं, मी वाकले, म्हणून मान राहिली. दर वेळी तो रताळी कुठवर पाडणार?

हातोडा : ठक्. ठक्.

सेमिसी : आईला मी चर्चच्या सभागृहात नेणार आहे. तिथे—

लुपे : ही मोडकी कंबर घेऊन? मला हलवलंस तर ओरडेन. आणि काय ओरडेन, ते सभागृहात शोभायचं नाही.

सेमिसी : आई!

लुपे : सकाळी ‘शेजाऱ्यावर प्रेम करा’ यावर पाऊण तास बोललास. इथवर ऐकू येत होतं. आता मान वर कर आणि बघ, शेजारीण कुठे आहे.

सेमिसी : ...बरं. मी फक्त शिडी धरतो. धरणं म्हणजे काम नव्हे.

लाविनिया : नव्हेच. पहाटे उठून भट्टीत डुक्कर पुरलंस, तेही नव्हे.

सेमिसी : हळू मारा ना! रस्त्यावर लोक आहेत.

लुपे : मी गाते. गाण्यात ठोकणं ऐकू येणार नाही.

सेमिसी : अगं, तुझा सूर—

लुपे : म्हणूनच तर कुणी फाटकाशी थांबणार नाही.

हातोडा : ठक्. ठक्. ठक्.

लाविनिया : झालं. पक्का बसला. धर नीट, उतरते.

सेमिसी : आणि तुमचं छप्पर?

लाविनिया : खिळे संपले.

सेमिसी : संपले म्हणजे?

लाविनिया : घरात एवढेच होते, ह्यांच्या वेळचे. वारा तुझ्याकडून माझ्याकडे येतो. आधी तुझंच करायला हवं होतं. मी बसेन मोरीत, पाटाखाली डोकं घालून.



लुपे : अरे सेमिसी, गेलास कुठे?

सेमिसी : इथेच आहे. आई, चर्चच्या डागडुजीचा खिळ्यांचा डबा कुठे ठेवलाय मी?

लुपे : माझ्या खाटेखाली. आत ये, वाकून घे. आणि चर्चसाठी कमरेला गुंडाळलेली ती चटई सोडून ठेव. छपरावर अडकेल.

लाविनिया : ए, शिडी कुठे नेतोस? माझं घर रस्त्यावर आहे बाबा! गाव बघेल!

सेमिसी : हातोडा द्या इकडे.

लाविनिया : सेमिसी, रविवार आहे.

सेमिसी : ठाऊक आहे, काकू. शिडी घट्ट धरा.