जुळ्यातलं दुसरं पिस्तूल

(इल्फर्डमधलं घर, दुपार. योएल आजोबा खिडकीशी, समोर टेबलावर जुनं पिस्तूल. अकरा वर्षांची नात हदार मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली वस्तू घट्ट धरून.)

योएल : ...तर कल्पना कर. डोळे मिटून.

हदार : मिटले.

योएल : एक लाकडी घर आहे. एक बूट मावेल एवढंच. आत अक्रोडाच्या लाकडाचा वास. त्यात पिस्तूल झोपलंय.

हदार : तुमच्यासारखं?

योएल : मी घोरतो. ते नाही घोरत. सैनिक त्याला बाहेर काढायचा आणि तेच घर मुठीच्या मागे अडकवायचा. झाला दस्ता, खांद्याला टेकवायला.

हदार : आपल्या पिस्तूलचा घर कुठे आहे?

योएल : त्याला कधी नव्हतंच. दस्ता अडकवायला मुठीच्या पाठीवर खाच लागते. कारखान्यानं काहींना दिली, आपल्याला नाही. माझा चष्मा कुठे गेला? दाखवतो तुला.

हदार : चष्मा नको! बोटानं दाखवा.

योएल : बरं, फिरव बोट. आहे की नाही गुळगुळीत?

हदार : मग आपण कट करू या ना खाच. तुमच्याकडे कानस आहे.

योएल : डेव्हिडही असंच म्हणाला होता.

हदार : लीड्सवाले डेव्हिड अंकल?

योएल : तोच. तीस वर्षं आम्ही म्युझियममध्ये जुनी हत्यारं पुसली. रिटायर होताना ही पिस्तुलं घेतली, एक त्यानं, एक मी. नंबर पाठोपाठचे. जुळीच म्हण. दोन्ही गोळी उडणार नाही अशी कायमची बंद केलेली, तसं सर्टिफिकेट सोबत. डेव्हिडला वाटलं, आपलं बिचारं बेघर. सुंदर दस्ता आणला आणि एका दुपारी खाच पाडली.

हदार : फिट झाला?

योएल : झकास.

हदार : मग प्रॉब्लेम काय?

योएल : जुन्या वस्तू जमवणारे लोक यायचे, पाठ बघायचे, चहा पिऊन जायचे. नंबर जुना, खाच नवी. ते ना साधं राहिलं, ना खरं दस्त्याचं झालं. आणि सर्टिफिकेट होतं न कापलेल्या पिस्तुलाचं. डेव्हिड घाबरला, स्वतःच पोलिसांकडे विचारायला घेऊन गेला. ते परत आलं नाही.

हदार : खाच परत भरायची ना!

योएल : पोलाद आहे, बाळा, कणीक नव्हे.

हदार : अंकल रडले?

योएल : कधीकधी फोन करतो. ‘तुझं कसं आहे रे?’ मी म्हणतो, ‘तसंच आहे.’ ‘बरं,’ म्हणतो आणि ठेवून देतो.

हदार : आता तुम्ही डोळे मिटा.

योएल : मी?

हदार : कल्पना करा. एक मुलगी आहे. तिचा आजोबा संडेला एटी इयर्सचा होणार. आई मलिदा करणार आहे. मुलगीनं शाळेत आठ आठवडे एक घर बनवलं. वॉलनट नाही, पाइन. झाकण पण उघडतं.

योएल : टॉवेलात आहे, ते?

हदार : चीटिंग! मिटा.

योएल : मिटले बाई.

हदार : ट्यूझडेला आजोबा डेंटिस्टकडे गेला. मुलगीनं कपाटाची चावी घेतली. कानस पण घेतली.

योएल : हदार...

हदार : डोळे!

योएल : मिटलेत. चालवली तिनं कानस?

हदार : पहिले मापून दोन रेघ मारल्या. पाठीवर. मग आई आली.

योएल : रेघा कशानं मारल्या?

हदार : पेन्सिलनं. आणि आजोबाला दिसू नये म्हणून आज सकाळी चष्मा लपवला. घरात.

योएल : म्हणून सकाळपासून मी चहात मीठ घालतोय होय! बरं. पुढे काय केलं त्या मुलीनं?

हदार : थांबा, अजून खोडतेय. एक रेघ राहिली... हं. आधी सगळं खोडलं. मग झाकण उघडून आजोबाला चष्मा दिला.