पिठातले पाय

नाई नाई, हेमराजभाऊ, उंदराची पुडी नको — उंदीर असते तं मांजर पाळली असती. रातकिड्याची द्या. हसा, अख्खी अहेरी हसून राह्यली, तुम्ही बी हसा. एवढं कृषी केंद्र मांडून बसले अन् रातकिड्याचं औषध नाई? चुलीमांगच्या भेगेत राह्यते, भर दिवसा किर्र — अन् आमची सासू तिथी बसून त्याले शितं चारते. ‘मुखरू, जेवला का रे?’ काऊन म्हणजे? माह्या नवऱ्याच्या मातीले तुम्ही आलते, पण तिसऱ्या दिवशी नव्हते. जीव गेला त्या जाग्यावर पीठ पसरलं, वर टोपली झाकली — पिठात ज्याचा पाय उमटन, त्याचा जन्म मेलेल्याले भेटला म्हणतेत. टोपली उचलली तं रातकिडा! पीठ खायले आला असन, किडाच तो. पण बुढीनं हात जोडले — माहा पोरगा आला.

मी नाई मानत. शिकलेली हावो मी. पण एक सांगा, मी चुलीपाशी गेली का तो चूप काऊन होते? बुढी सांगते, सून भात करपवते, सून माहेरी फोन लावते — तो सारं ऐकून घेते, वर किर्र करून जबाब बी देते. मी पाय टाकला का बंद. जिते होते तवा बी तेच — आईसंग वसरीत हसणं-बोलणं, मी चहा घेऊन गेली का तोंड शिवलं. जीव जाताना शेवटचा शब्द बी आईलेच. मले नुसतं पाह्यलं.

मंग परवा बुढी बाजारात गेली, तं मी बसली तिच्या जागी. हलली नाई. म्हटलं, आता तरी बोला, घरी कोणी नाई. — नाई बोलला. फुकणी हातात होती. हानली.

हो, मारला. एक पाय तुटून पडला होता, तो बी चुलीत टाकला.

मंग औषध कायले? अजी, काल दुसरा आला ना! त्याच भेगेत. अन् बुढी पुन्हा — मुखरू, जेवला का. हेमराजभाऊ, सख्खी माय अन् तिले फरक समजला नाई! हा मी गेली तरी बोलते, माह्या पायापाशी येऊन बोलते. ते असे नव्हते. मले समजते ना. ह्या परक्याले त्यांच्या जाग्यावर बसू देऊ मी? —

माह्या तोंडाकडे काय पाहून राह्यले? तिकडं गिऱ्हाईक उभं हाये, त्याले पाहा.