सरदारणीच्या गालावरचे ठिपके

चित्राला घाबरलोय मी, खरंच सांगतो. बहात्तरच्या आसपास सोनईला मास्तर होतो. नगरच्या जुन्या बाजारातून एका फ्रेंच सरदारणीचं चित्र आणलं. जुनं छापील, वर हातानं रंग भरलेले. फुगीर झगा, पांढऱ्या केसांचा टोप आणि गोऱ्या गालांवर काळे ठिपके. बाहेरच्या खोलीत टांगलं.

त्याच आठवड्यात बायकोला ताप भरला. शेजारच्या गयाबाई विचारपूस करायला आल्या, चित्र बघितलं आणि उंबऱ्यावरूनच मागं फिरल्या. संध्याकाळी आमच्या दाराला कुणीतरी कडुलिंबाचा डहाळा खोचलेला! गल्लीतली दारं बंद. दूधवाला कोपऱ्यावरूनच ओरडला, "गुर्जी, भांडं हितं आनून ठिवा!"

तेव्हा आरोग्य खात्याची माणसं देवीच्या रोग्याचं चित्र दाखवत घरोघर फिरायची. लोकांना वाटलं, आमच्या घरात देवी आल्या, म्हणून सरकारनंच हे चित्र लावलंय.

मग मलाही धीर धरवेना. रोज सकाळी बायकोचं तोंड उजेडात धरून बघायचो. एकदा कपाळावर लाल पुळी दिसली आणि मी भिंग काढून बघितलं. डास चावला होता.

ताप उतरला, तेव्हा गयाबाईंना बोलावून हसत सांगितलं, "अहो, रोग नाही तो. तिकडच्या बड्या बायका नटायला काळ्या टिकल्या चिकटवायच्या."

गयाबाईंच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे खोल वण. त्या चित्राजवळ गेल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"नटायला न्हाई, गुर्जी," त्या म्हणाल्या. "झाकायला."