पुतळ्याची जाऊ

माझं माहेर बेळगावातल्या शहापूरचं. आता तुम्ही आमच्या गल्लीत गेलासा तर नुसती दुकानं दिसतील, पण माझ्या लहानपणी घरटी माग होता, आणि मागाचा आवाज असा की घरातल्या घरातबी ओरडूनच बोलायला लागायचं. आप्पा मागावर, आई कांड्या भरायला, म्हणजे धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायला. बाहेरनं नवा माणूस आला की त्याला वाटायचं, ह्यांच्यात भांडण लागलंय. भांडण कुठलं, आम्ही जेवायला हाका मारत होतो. माझा आवाज असा खणखणीत का, ते कळलं न्हवं आता?

नाटकात कशी गेले, काय सांगू तुम्हाला. माझे काका जत्रंच्या नाटकाला पेटी वाजवायचे. आमच्याकडं जत्रा म्हटली की गावातली पोरं नाटक बसवणार, ते ठरलेलंच, पण बायकांच्या कामाला गावातली पोरगी कोण देतंय, मग बेळगावासनं नटी ठरवून आणायची. एकदा मच्छे गावच्या जत्रंत ठरवलेली नटी आजारी पडली, आलीच न्हाय, आणि मी काकांच्या संगं तालमीत बसून बसून सगळं नाटक पाठ केलेलं. काका म्हटले, सुमे, हुबी ऱ्हाशील का? मी म्हटलं, व्हय. एवढंच. आप्पा मग लई दिवस माझ्याशी बोलले न्हाईत, आई चोरून विचारायची, लोकं हसली का गं, रडली का गं. दोन्ही केलं म्हटलं आई, हसली बी आणि रडली बी. मला तवाच कळलं, आता मी दुसरं काय करणार न्हाय.

मग हँडबिलावर नाव आलं, कुमारी सुनंदा, बेळगाव. सुमन काय चालत न्हाय म्हटले, सुनंदा करा. लगीन झालं, दोन पोरं झाली, तरी हँडबिलावर मी कुमारीच! आमचे हे त्याच धंद्यातले, प्रॉम्प्टर. पडद्याच्या आडनं वाक्य सांगायचे. नवरा आतनं सांगतोय आणि बायको बाहेर दुसऱ्याच माणसाला प्राणनाथ म्हणतीया, असला आमचा संसार. पण लई गोड माणूस. आता न्हाईत.

आमच्या कामाची रीत बघा, नटी जत्रंदिवशीच गावात पोचायची. तालीम न्हाय काय न्हाय, हिरोचं तोंड रंगवलेलं, तेच पयल्यांदा बघायचं. आज बोरगावात मराठी, उद्या तिकडं गोकाकाकडं कन्नड. आणि हिरो कोण, तर ज्यानं वर्गणी जास्ती दिली त्याचा पोरगा. पुढं एवढी गर्दी बघितली की त्याची दातखीळ बसायची, हात जोडून हुबा, खांबासारखा. मग काय करायचं? त्याचं वाक्य आपुनच आपल्या वाक्यात घालून बोलायचं, असं: म्हणजे तुमचं म्हणणं असं की मी माहेरी जाऊ नये? आईची आण घातलीसा? घाला, पण मी जाणारच! तो नुसता मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी गाव म्हणायचं, पोरानं काय काम केलं. म्हणू दे. नाटक पडलं न्हाय ना, मग झालं.

पुढं जत्रंत ऑर्केस्ट्रा आले आणि आमची बोलावणी बंद झाली. हे गेले. थोरला मच्छ्याला कारखान्यात हाय, त्याच्याकडं ऱ्हायले. तो म्हणायचा, आई, आता बस की निवांत. निवांत बसायचं म्हणजे काय ते मला अजून कळल्यालं न्हाय. आणि तवाच विणकामाच्या ह्या संग्रहालयाचं कानावर आलं. जुने माग, जुनी लुगडी मांडलीत, आणि मागाजवळ बसून विणकराच्या बायकोचं काम करायला बाई पायजे, येणाऱ्या लोकांशी बोलायला. वीणा मॅडम म्हणून हाईत तिथं, धारवाडच्या, वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्यांनी विचारलं, जमंल का? मी म्हटलं, जन्म त्यातच गेलाय.

आणि पयल्याच दिवशी घोटाळा केला. मी आपली सवयीनं मैदानातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सुरू केलं, आणि माणसं चार हातावर हुबी, पोरांनी कानावर हात ठेवले. ते जाऊ दे. अंक संपला की पडदा पडंपर्यंत हाय तसं थिजून ऱ्हायचं ही आमची रीत. मी शेवटचं वाक्य टाकलं, पदर तोंडाला लावला आणि थिजले. पण तिथं पडदा कुठला? मी हुबी ती हुबीच. लोकं पुढनं जायला लागली, शाळंची एक पोरगी आली, माझ्या दंडाला बोट टोचून मैत्रिणीला म्हणतीया, खरी हाय का गं ही? आणि नेमके मागं संग्रहालयाचे मोठे साहेब हुबे. ते हसले. मॅडमना म्हटले, नुसतं हुबंच ऱ्हायचं असंल तर पुतळा बरा की, रोज येईल, आजारी पडणार न्हाय.

मला वाटलं थट्टा केली. थट्टा न्हवती. मी आवाज उतरवला, लोकांच्या डोळ्यात बघून बोलायला शिकले, कोण काय विचारलं तर आई काय म्हटली असती ते आठवून उत्तर द्यायचे, पण तिकडं पुतळा करायला दिलेला तो दिलेलाच. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, अक्का, महिनाअखेरपर्यंतच. त्यांचा बी चेहरा उतरलेला.

पुतळा आला. फायबरची बाई, गोरीपान, गुबगुबीत, कांड्या भरून भरून माझ्या आईची बोटं कशी झालती आणि हिची बोटं कशी! बटण दाबलं की तीन भाषांत माहिती सांगायची. आणि अंगावर लुगडं कुठलं, तर मी नेसायचे तेच. तवा मात्र मला राहवलं न्हाय, आत जाऊन रडले. माझं काम गेलं म्हणून न्हवं हो. आयुष्यभर पोटातनं आवाज काढला आणि माझ्या जागेवर बटण, ह्याचं वाईट वाटलं.

पण माझा महिना अजून संपायचा होता. दुसऱ्या दिवशी पाव्हणे येणार, साहेब स्वतः दाखवणार. मी घरचं लुगडं नेसून गेले आणि त्या बाईच्या शेजारी जाऊन बसले. कुणी बस म्हटलं न्हवतं आणि बसू नको बी म्हटलं न्हवतं. बसल्यावर तिच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, सुमन, असल्या खांबांच्या संगं तू जन्म काढलास, ही काय अवघड हाय? पाव्हणे आले तशी मी कांडी धरली आणि सुरू केलं. या, बसा. ही माझी थोरली जाऊ. सकाळपासनं रुसलीया, बोलत न्हाय. काय म्हणतीयास अक्का? कांड्या मी कमी भरल्या? बघा हो, हिनं एक कांडी भरली न्हाय आणि मोजायला पुढं! लोकं हसली. खानापूरकडची एक म्हातारी सरळ फरशीवर बसली आणि पुतळ्यालाच म्हणाली, अगं बोल की बाई, धाकटीला किती जाळशील! एका बाप्यानं कन्नडात जावंची बाजू घेतली, मी त्याला कन्नडात झाडला. सूत कुठलं, मागावरनं लुगडं किती दिवसांनी उतरायचं, सगळं त्या भांडणातनंच निघालं, आणि कोण जागचं हललं न्हाय.

साहेब मागं हुबे. सगळी गेल्यावर म्हटले, हे कुणी लिहून दिलं? कुणी न्हाय म्हटलं, जाऊबाईंनीच सुचवलं. ते हसले, आणि मॅडमना म्हटले, ह्या असतील तवा बटण बंद ठेवा.

महिना सरला तरी मला कुणी जा म्हटलं न्हाय, तवापासनं आम्ही दोघी हाय. सोमवारी सुट्टी, बाकी रोज मच्छ्यासनं बसनं येते. गुडघा दुखतोय, दुखू दे. परवा साहेबांनी बोलावलं, म्हटले, अक्का, तुमचा आवाज भरून ठेवूया, पुतळ्यात घालूया, म्हणजे तुमच्या मागनं बी ऱ्हाईल. चांगल्या मनानंच म्हटले. मी न्हाय म्हटलं. म्हटलं साहेब, आज आलेलं माणूस वेगळं, उद्याचं वेगळं, भरलेल्या आवाजाला ते कसं कळणार? माझा आवाज माझ्यासंगं जाऊ दे. माझ्या मागनं त्या जागेवर जिती बाई ठेवा, आतापासनं ठेवा, मी शिकवते तिला.

साहेब अजून व्हय म्हटलेले न्हाईत. विचार करतो म्हटलेत. करू दे. मंगळवारी परत विचारीन, आणि न्हाय म्हटले तर बुधवारी.