मेहुण्याची रोझवूड गिटार

आमच्या मेहुण्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिले आणि हा पोलादपूरचा लाकूडतज्ज्ञ झाला. मुंबईच्या एका जुन्या वस्तूवाल्याकडून त्याने गिटार आणली आणि पाठीवर टिचकी मारून मला म्हणतो, "दाजी, ऐका. अस्सल रोझवूड!"

मीही हौशी. दोघं गेलो कापडे गावच्या सुतारकाकांकडे. काकांनी टिचकीबिचकी काही मारली नाही. पाठीवर हात फिरवला आणि भोकातून आत बॅटरी मारली.

"बाहेरून काळ्या रेषा, आतून पांढरं. ही अखंड फळी नाय रे. प्लायवर पापुद्रा चिकटवलाय."

मेहुणा भडकला. "काका, रोझवूड कधी पाहिलंय तरी का तुम्ही?"

"ते काय असतं?"

"आपला शिसव हो," मी म्हटलं.

"मग पाहिलंय की! ह्याच्या आजोबांच्या पलंगाला मीच नवा पाय बसवलाय. पलंग अख्खा शिसवाचा. हाय ना रे अजून?"

मेहुणा एकदम गिटारच्या तारा पुसायला लागला. शेवटी मलाच सांगावं लागलं, "काका, तो पलंग देऊनच ही आणली."

काकांनी शांतपणे बॅटरी विझवली.

"बरं झालं. आता चटईवर पडून वाजव."