काशाचे बोटभर घोडे

सिंगापूरच्या म्युझियममध्ये योगिनी प्राचीन ग्रीकांनी देवाला वाहिलेले काशाचे बोटभर घोडे पाहत होती. मागे एक मराठी जोडपं बोलत होतं.

"नवसाचे आहेत. खरा घोडा परवडला नाही, की हा."

"तुमच्यासारखंच. वादळात काय कबूल केलं होतं देवाला?"

"जहाज वाचलं तर बोटीवरची नोकरी सोडीन. तेव्हा इंजिनरूममध्ये मी राज्यही सोडलं असतं गं."

"आणि सोडलंत काय?"

"सिगारेट. तीही फक्त घरात."

"देव काही बोलला नाही?"

"तो मोठ्या मनाचा आहे. बोलतेस तूच. बरं, परवा बोटीवर निघायचंय, माझी बॅग भरलीस?"

"नाही."

"का?"

"तुमचा नवस मी फेडतेय."