पाचवं नाव

(विलगीकरणाची खोली. आत दीर आणि नर्स, बंद काचेपलीकडे व्हरांड्यात वहिनी. फोनच्या स्पीकरवर तिघांचं बोलणं.)

नर्स : ...आणि या चौघांखेरीज त्या फुंकनळीला कुणीच तोंड लावलं नाही? नीट आठवा.

दीर : भट्टीवर आम्ही चौघेच असतो, सिस्टर. वितळलेल्या काचेत फुंकर घालायला क्षणभराचाच अवधी मिळतो. नळी पुसत बसलं तर काच रुसते. म्हणून ती या तोंडातून त्या तोंडात जाते.

नर्स : आणि तिच्यासोबत घटसर्पाचे जंतू. अर्थात खोकल्यातूनही ते गेलेच असते. चौघांच्याही घशाचे नमुने घेऊन औषध सुरू करू.

वहिनी : भावोजी, आवाज किती बसलाय तुमचा. मिठाच्या पाण्यानं गुळण्या तरी करा.

नर्स : ताई, त्यांच्या घशात राखाडी पापुद्रा धरलाय. गुळण्यांनी तो जात नाही, आणि खरवडला तर रक्त येतं. तिथले जंतू विष तयार करतात, ते हृदयापर्यंत पोचतं. काल प्रतिविष दिलंय. आता पडून राहायचं, दार ओलांडायचं नाही.

दीर : दाराचं राहू दे. वहिनी, ठिणगी कुठे आहे?

वहिनी : शेजारच्या काकूंकडे. तुमची लाडकी पुतणी कालपासून फुगून बसलीय. घास गिळत नाही, लाळ गाळते, आवाजही जड येतोय. म्हटलं, काकासाठी रडून रडून झालं असेल.

नर्स : वय काय तिचं?

वहिनी : सहा पुरी झाली. तिची काळजी नको, सिस्टर. कार्ड माझ्या पर्समध्येच असतं. हे पाहा, एकही रकाना रिकामा नाही.

नर्स : दीड वर्षाचा आणि पाच वर्षांचा, दोन्ही डोस झालेत. मग बरंच...

दीर : सिस्टर, यादीत पाचवं नाव लिहा. ठिणगीचं. गेल्या आठवड्यात मीच तिच्या हाती नळी दिली. लिंबाएवढा फुगा फुंकला तिनं.

नर्स : मघाशी का नाही सांगितलंत?

दीर : तिचं नाव निघालं की कार्ड निघेल, म्हणून.

वहिनी : निघू दे की. कार्डाला काय झालंय?

दीर : शेवटच्या दोन तारखा माझ्या हातच्या आहेत.

वहिनी : डोसाला तुम्हीच नेलं होतं ना तिला? मी कामावर होते.

दीर : नेलं, दोन्ही वेळा. पण रांगेत तिनं मानेला मिठी घातली; पहिल्यांदा नुसती रडली, दुसऱ्यांदा म्हणाली, घरी चल. मला कुणाला नाही म्हणता येत नाही, तुम्ही हसताच त्यावर. आम्ही तळ्याकाठी बदकं पाहत बसलो. दोन्ही वेळा तारीख मीच घातली, आणि दुसऱ्यांदा येताना तिच्या दंडाला कापूसही चिकटवला.

वहिनी : त्या दंडाला मी रात्रभर शेक दिला होता.

दीर : ती कण्हतही होती. इतकं खरं, की क्षणभर मलाही वाटलं, टोचलंच असेल.

नर्स : ताई, तिला आत्ताच्या आत्ता आणा. तान्हेपणीच्या डोसांचा थोडा आधार असेल, पण त्यावर विसंबू नका. पापुद्रा दिसला तर अहवालाची वाट न पाहता प्रतिविष देऊ. अंगात भिनून गेलेलं विष त्यानं परत फिरत नाही, म्हणून घाई. आणि त्या काकूंच्या घरच्यांनाही घेऊन या.

दीर : सिस्टर, पाच मिनिटं मला बाहेर येऊ द्या. माझ्याशिवाय ती तोंडही उघडायची नाही.

नर्स : तुम्हाला सोडता येणार नाही.

दीर : वहिनी, काहीतरी बोला. हवं तर शिव्या द्या.

वहिनी : आणते तिला.

दीर : वहिनी...

वहिनी : सुई पाहिली की ती तुम्हालाच शोधेल, भावोजी. तेव्हा या काचेपाशी उभे राहू नका.